शांघायला नवीन आलात? कशाच्या आधी काय उरकायचं ते

शांघायला कामासाठी नाहीतर शिकायला येणाऱ्या आपल्या लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. व्हॉट्सॲप चालतं का, पैसे कसे द्यायचे, शाकाहारी माणसाचे हाल होतात का. उत्तरं सोपी आहेत, खाली येतीलच. पण पहिल्या महिन्यात माणूस अडकतो तो या प्रश्नांवर नाही, क्रमावर अडकतो. म्हणजे बघा, घरमालकाला भाडं द्यायला चिनी बँकेत खातं हवं, खात्याला चिनी मोबाईल नंबर हवा, नंबर घ्यायला पासपोर्ट हवा, आणि पासपोर्ट तर रेसिडन्स परमिटसाठी, म्हणजे इथे राहायच्या परवान्यासाठी, पोलिसांकडे जमा केलेला! त्यामुळे सगळं त्याच क्रमाने लिहितोय. उदाहरणं शांघायची कारण मी इथे राहतो, बाकी शहरांत ऑफिसं आणि बारीकसारीक नियम वेगळे असतील पण साखळी तीच.

भारतात असतानाच

सगळ्यात आधी नावाचं बघा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी लांबलचक भानगड असते, आणि पासपोर्टवर पहिली दोन्ही मिळून एकाच रकान्यात बसतात. चिनी कॉम्प्युटरला दोन-तीन अक्षरी नावांची सवय. कुणी मधली स्पेस खातो, कुणी आडनाव आधी टाकतो, कुणी वडिलांचं नाव सोडूनच देतो. मग सिम एका नावावर, बँक दुसऱ्या, अलीपे (फोनवरून पैसे द्यायचं चिनी ॲप) तिसऱ्या, आणि एकमेकांशी जोडायला गेलं की "माहिती जुळत नाही". यावर इलाज एकच, पासपोर्टवर जसं छापलंय अगदी तसंच सगळीकडे लिहायला लावा आणि प्रत्येक काउंटरवर क्लार्कने काय टाइप केलं त्याचा फोटो काढून ठेवा. बायको किंवा नवरा सोबत येणार असेल तर लग्नाचा दाखला काढून बघा, त्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर तो घोळ इथे येऊन नाही, तिथेच मिटवा.

दुसरं, डिग्री, पोलीस क्लिअरन्स, लग्नाचा आणि मुलांचा जन्माचा दाखला, यांचं अटेस्टेशन, म्हणजे कागद खरे असल्याचे सरकारी शिक्के. चीन नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल करारात (करारातल्या देशांत एकाच शिक्क्यावर कागद चालतो) आहे हे बरेच एजंट सांगतात, पण भारताने त्यावर आक्षेप नोंदवलाय त्यामुळे भारत-चीन यांच्यात तो करार लागू नाही. म्हणजे आपल्याला जुनाच रस्ता: आधी राज्य पातळीवरचं व्हेरिफिकेशन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी दूतावास. वेळ लागतो, ऑफर लेटर आल्या आल्या सुरू करा.

तिसरं, कार्ड. यूपीआय इथे विसरा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं, शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांची, आणि आरबीआयच्या नियमामुळे परदेशी व्यवहार आपल्या कार्डांवर मुळात बंदच असतात ते बँकेच्या ॲपमधे जाऊन चालू करून लिमिट वाढवून घ्या. भारतीय सिम चालू ठेवा, रोमिंग ॲक्टिव्ह करून या, कारण प्रत्येक ओटीपी त्याच्यावरच येणार. ज्यांनी नंबर बंद करून यायचं ठरवलंय त्यांनी निदान बँकेत ईमेल ओटीपीची सोय आहे का ते बघावं.

आता वीचॅट, म्हणजे इथलं व्हॉट्सॲप, पैसेही त्यावरून देता येतात. जून २०२० मधे भारताने जी ५९ ॲप बंद केली त्यात वीचॅट होतं, त्यामुळे भारतातल्या स्टोअरवर ते नाही. उलट चीनमधे गूगल प्ले उघडत नाही. म्हणजे ॲन्ड्रॉइडवाल्यांची दोन्हीकडून कोंडी. इथे पोचल्यावर हॉटेलच्या वायफायवरून वीचॅटच्या अधिकृत साइटवरून ॲप उतरवायचं, हा सरळ मार्ग, आयफोनवाल्यांना ॲप स्टोअरचा देश बदलावा लागतो. नवीन खातं उघडताना बऱ्याचदा एखाद्या जुन्या वीचॅटवाल्याने कोड स्कॅन करून तुमची खात्री द्यावी लागते, तेव्हा ऑफिसातला किंवा कॉलेजातला एक माणूस आधीच सांगून ठेवा. बाकी गूगल ट्रान्सलेटचं चिनी भाषेचं ऑफलाइन पॅकेज भारतातच डाउनलोड करून घ्या, इथे उतरल्यावर ते जमेलच असं नाही.

बॅगेत काय? प्रेशर कुकर आणा, खुशाल. व्होल्टेज जवळजवळ आपल्याइतकंच, २२० आहे पण पिन चपट्या, आपली जाड गोल तीन पिनांची वायर कुठेच बसत नाही, अडॅप्टर लागेल. मसाले कंपनीचे, पॅकबंद. ताजी फळं, भाज्या, बिया, मांस, लोणी-चीज असले दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, घरच्या तुपाच्या डब्यावरूनही कस्टमवाल्याशी हुज्जत होऊ शकते, आईला वाईट वाटलं तरी चालेल. खसखस अफूच्या झाडाची, तिच्या वाटेला जाऊच नका. आणि पॉवर बँक: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात तिथला थ्री-सी हा सुरक्षिततेचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, भारतातली बहुतेक या नियमात अडकते. इथे येऊन घ्या.

उतरल्यापासून पहिले २४ तास

२०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मधे परत सुरू झाली, तरी मुंबई-पुण्याकडचे बरेच जण अजून बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग करतच येतात. पुडोंग विमानतळावर बोटांचे ठसे, अरायव्हल कार्ड, मग इमिग्रेशन. मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणाऱ्या ट्रेनची हौस असेल तर ५० युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं तर ४०, आठेक मिनिटांत लोंगयांग रोड स्टेशन. पण तिथून पुढे बॅगा घेऊन परत मेट्रो आहेच, तेव्हा सामान जास्त असेल तर सरळ टॅक्सीच्या अधिकृत रांगेत उभं राहावं. आत येऊन "टॅक्सी टॅक्सी" करणाऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही, हे आपल्या लोकांना शिकवायला नको.

आता महत्त्वाचं. चीनच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाने पोचल्यापासून २४ तासांत आपण कुठे राहतोय याची पोलिसांकडे नोंद करायची असते. हॉटेलात उतरलात तर रिसेप्शनवाले पासपोर्ट स्कॅन करतात तेव्हाच ती होऊन जाते. मित्राच्या घरी किंवा भाड्याच्या घरी उतरलात तर ती जबाबदारी तुमची, त्या भागातल्या पोलीस चौकीत (इथे तिला फायछुस्वो म्हणतात) जाऊन, किंवा शांघायमधे ऑनलाइनही करता येते. नाही केली तर २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. माझं म्हणणं, पहिले आठ-दहा दिवस हॉटेलच घ्या, घर शोधताना नोंदणीचं टेन्शन राहत नाही. घर बदललं, व्हिसाचा प्रकार बदलला, पासपोर्ट नवा आला, की परत नोंद. जो कागद मिळतो तो जपून ठेवा, पुढे सगळे तोच मागतात.

सिम: पासपोर्ट हातात आहे तोवर

दुसऱ्याच दिवशी सिम घ्या. चायना मोबाईल, चायना युनिकॉम, चायना टेलिकॉम, तिन्ही चालतात. कंपनीच्या मोठ्या दुकानात जा, कोपऱ्यावरच्या छोट्या टपरीत परदेशी पासपोर्ट बघून नाही म्हणायची शक्यता जास्त. मूळ पासपोर्ट लागतो, तिथेच चेहऱ्याचा फोटो काढतात, नाव कसं टाकलंय ते बघा (वर सांगितलंय).

व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब, इन्स्टाग्राम चिनी सिमवर किंवा वायफायवर चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं कारण तो डेटा भारतातून फिरून येतो, म्हणून फोनमधे दोन्ही सिम ठेवायची. परवानगी नसलेले व्हीपीएन (बंद साइट उघडून देणारी ॲप) इथल्या कायद्यात बसत नाहीत, कंपनीचं अधिकृत नेटवर्क असेल तर आयटीवाल्यांना विचारा. घरच्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की मेसेजला उत्तर आलं नाही म्हणजे काही झालं असं नाही. आणि वेळ: आपण अडीच तास पुढे असतो, तिकडे रात्री जेवणं होऊन नऊ वाजता फोन आला की इथे साडेअकरा झालेले असतात.

अलीपे: कार्ड जोडलं की निम्मं काम झालं

रस्त्यावरच्या भाजलेल्या रताळ्यापासून हॉस्पिटलपर्यंत सगळं क्यूआर कोडवर. २०२३ पासून परदेशी कार्ड जोडणं सोपं झालंय, पासपोर्टचा फोटो टाकायचा, चेहरा दाखवायचा, कार्ड घालायचं, ओटीपी भारतीय नंबरवर. २०० युआनपर्यंतच्या बिलाला फी नाही, त्यावर गेलं की ३ टक्के. म्हणून हॉटेलात ३६० बिल झालं तर लोक दोन वेळा १८० स्कॅन करतात, मालकही हसून करू देतो.

एक मर्यादा लक्षात घ्या, परदेशी कार्डावरून दुकानाला पैसे जातात, माणसाला ट्रान्सफर होत नाहीत. म्हणजे मित्राला जेवणाचे अर्धे पैसे द्यायचेत, घरमालकाला भाडं द्यायचंय, तिथे अडतं. त्यासाठी चिनी खातं येईपर्यंत रोख जवळ ठेवा, मोठ्या नोटा मोडून दहा-वीसच्या करून. रोख नाकारायची दुकानाला परवानगी नाही पण सुट्टे नसतात, आणि १०० ची नोट दिली की भाजीवाली अशी बघते की आपल्यालाच लाज वाटावी.

अलीपेमधेच मेट्रोचा कोड, सायकल, दीदी टॅक्सी (इथली ओला-उबर), विजेचं बिल, ट्रान्सलेट सगळं आहे. त्यामुळे फोनची बॅटरी संपली की माणूस मेट्रोतून बाहेरही पडू शकत नाही. म्हणून दर चार दुकानांत भाड्याच्या पॉवर बँकेचे स्टॅन्ड आहेत, तेही स्कॅन करूनच, म्हणजे बॅटरी पूर्ण संपायच्या आधी घ्या, नंतर कशाने स्कॅन करणार!

घर

शांघायमधे साधारण पद्धत अशी की एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम. वर एजंटाचं कमिशन, बहुतेक वेळा महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के. म्हणजे ६००० युआनचं घर घेतलंत तर सही करताना ६००० डिपॉझिट, १८००० भाडं आणि २१०० कमिशन, एकूण २६१०० युआन समोर पाहिजेत, आणि ते सुद्धा अशा वेळी की तुमचं चिनी खातंच नाही. यावर उपाय म्हणजे कंपनीकडून ॲडव्हान्स मागणे किंवा कंपनीलाच परस्पर भरायला लावणे. ऑफर बोलतानाच हे ठरवून घ्या, नंतर एचआर हात वर करतं. विद्यार्थ्यांनी पहिलं वर्ष होस्टेलच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

घर बघताना खोल्या बघण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, मालक पोलीस नोंदणीला कागद देणार का, म्हणजे घराच्या मालकीच्या सर्टिफिकेटची आणि त्याच्या ओळखपत्राची कॉपी. यावर "बघू नंतर" असं उत्तर आलं की उठायचं. दुसरं, फापियाओ देणार का, ही इथली सरकारी करपावती, कंपनी भाडं देत असेल तर तिच्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि पुष्कळ मालक ती द्यायला टाळतात किंवा भाडं वाढवतात. तिसरं, लिफ्ट आहे का. जुन्या सहा मजली सरकारी इमारती स्वस्त आणि चांगल्या ठिकाणी असतात पण लिफ्ट नसते, आणि सहाव्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन चढवायचे म्हणजे व्यायामच. (नळाचं पाणी उकळल्याशिवाय पीत नाहीत.) बाकी चावी घेताना वीज, पाणी, गॅस यांचे ग्राहक नंबर लिहून घ्या, ते अलीपेत टाकले की बिलं घरबसल्या. विजेचा दर रात्री दहा ते सकाळी सहा स्वस्त, वॉशिंग मशीन तेव्हा.

बाथरूममधे जेट नसतो. सुपरमार्केटात प्लॅस्टिकचा मग मिळतो, पुढचं तुम्ही समजून घ्या. सार्वजनिक टॉयलेटं मात्र बहुतेक आपल्यासारखीच उकिडवं बसायची, फक्त खिशात टिश्यू हवा.

मेडिकल, परमिट, आणि पासपोर्टशिवायचे दिवस

झेड म्हणजे कामाच्या किंवा एक्स-१ म्हणजे शिक्षणाच्या व्हिसावर आलात तर ३० दिवसांच्या आत रेसिडन्स परमिटला अर्ज करावाच लागतो. त्याच्या आधी मेडिकल, शांघायमधे ते हामी रोडवरच्या सेंटरला. उपाशी पोटी जायचं, पासपोर्ट आणि फोटो घेऊन. रक्त, ईसीजी, छातीचा एक्सरे, सोनोग्राफी, डोळे, असं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फॉर्म घेऊन फिरायचं, प्रत्येक ठिकाणी शिक्का. कुणी फार बोलत नाही, बाण दाखवतात, तासाभरात बाहेर. तोवर कंपनी वर्क परमिटचं काम करत असते.

मग मिनशेंग रोडवरच्या पोलिसांच्या एक्झिट-एन्ट्री ऑफिसात अर्ज. पोलीस नोंदणीचा कागद इथे लागतो, घर अजून हॉटेल असेल तर आधीच विचारून घ्या चालेल का. पासपोर्ट ते ठेवून घेतात आणि पावती देतात, कायद्याने १५ दिवसांपर्यंत. त्या पावतीवर देशातल्या देशात ट्रेन, हॉटेल होतं, पण देशाबाहेर जाता येत नाही आणि सिम, बँक असली कामं जवळजवळ होतच नाहीत. म्हणूनच वर सिम आधी म्हटलं. घरी कुणी आजारी असेल, तातडीने जावं लागेल असं वाटत असेल तर तारीख त्या हिशोबाने ठरवा.

बँकेचं काय? काही शाखा परमिट आल्याशिवाय दारात उभं करत नाहीत, काही व्हिसा आणि कंपनीच्या पत्रावर खातं देतात. तुमचा पगार ज्या बँकेत येणार त्याच बँकेच्या, कंपनीच्या जवळच्या शाखेत कंपनीच्या माणसासोबत जा. बँक ऑफ चायना, आयसीबीसी या मोठ्या बँकांना परदेशी लोकांची सवय आहे. खातं झालं की लगेच तिथेच बसून ते अलीपे आणि वीचॅटला जोडून बघा, नावात गडबड असेल तर समोर क्लार्क आहे तोवर दुरुस्त होईल. इथून पुढे आयुष्य एकदम सरळ होतं, खरंच.

परमिट लागलेला पासपोर्ट हातात आला की पोलीस नोंद परत एकदा अपडेट करायची. हे शेवटचं पाऊल बरेच जण विसरतात.

मंडई

माझ्या मते भाषा शिकायची खरी जागा ही. भाव लिहिलेला असतो तो किलोचा नाही, जिनचा, म्हणजे ५०० ग्रॅमचा. १० लिआंगचा एक जिन, लिआंग म्हणजे ५० ग्रॅम. हे माहीत नसेल तर सगळं निम्म्या भावात वाटतं आणि मग बिल दुप्पट येतं.

आकडे हातावर दाखवतात आणि पाचच्या पुढे ते आपल्यासारखे नाहीत. अंगठा आणि करंगळी बाहेर म्हणजे सहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिघांची टोकं एकत्र म्हणजे सात. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी ताणली की आठ, आपण त्याला दोन समजतो आणि दोन युआन देऊन चालायला लागतो, मागून हाक येते. तर्जनी आकडीसारखी वाकवली की नऊ.

भाज्यांनी आपला माणूस हळवा होतो. लाल माठ मिळतो, उन्हाळ्यात ढिगाने, श्येनत्साय म्हणायचं. कारली, भेंडी, वांगी, पडवळासारख्या लांब काकड्या. दुधी भोपळ्याच्या जातभाईला शांघायचे लोक ये-खाय-ह्वा म्हणतात. मार्च-एप्रिलमधे त्साओथोउ नावाची तीन पानांची पालेभाजी येते, लांबून बघाल तर मेथीच, कडूपणा नाही पण लसणीवर परतली, वर थोडं डाळीचं पीठ पेरलं की भाकरीबरोबर जमून जाते. कोथिंबीर मुबलक. नेहमीची भाजीवाली झाली की दोन पातीचे कांदे फुकट टाकते, कोथिंबिरीसाठी आपण पुण्यात जी घासाघीस करतो तीच इथे कांद्याच्या पातीवर चालते. मूग, सोललेली मुगाची डाळ, छोले, मसूर हे इथले लोकही खातात त्यामुळे ऑनलाइन मिळतं, तूरडाळ मात्र भारतीय सामानाच्या विक्रेत्याकडूनच. दही घेताना डबा ट्रान्सलेट करून बघा, बहुतेक गोड असतं. सुटा भात हवा तर थाई सुवासिक तांदूळ घ्या, इथला तांदूळ चिकट.

भाषेबद्दल एकच टिप. चिनी उच्चार इंग्रजी अक्षरांतून शिकू नका, मराठीतून शिका. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यातला फरक त्यांच्याकडे आहे आणि इंग्रजी लिपीत तो ब-प, द-त, ग-क असा लिहिलेला असतो. "चोर"मधला च आणि "चहा"मधला च हे दोन्ही इथे वेगवेगळे अक्षर आहेत, अमेरिकन माणूस तिथेच धडपडतो, आपण नाही. सूर, म्हणजे आवाजाचा चढ-उतार, मात्र आपल्यालाही शिकावेच लागतात. "तुओशाओ छ्येन?" म्हणजे कितीला, "पू याओ" म्हणजे नको. दुकानदाराला लाओबान, ड्रायव्हरला श्रफू, वयस्कर बाईंना आयी. काका-मावशी म्हणायची सवय असलेल्याला हे पहिल्या दिवशी जमतं.

शाकाहारी लोकांसाठी

"वो छ्र सू", मी शाकाहारी आहे, हे पाठ करा पण त्याच्यावर विसंबू नका. भाजीवर डुकराचा खिमा भुरभुरलेला असणं, चरबीत परतणं, चिकन पावडर किंवा ऑयस्टर सॉस घालणं, यात मांसाहार आहे असं आचाऱ्याला वाटतच नाही. वाळवून परतलेल्या फरसबीत, मापो टोफूत खिमा असतोच असं धरून चाला. त्यापेक्षा फोनमधे चिनी भाषेत एक चिठ्ठी सेव्ह करा: मांस नको, मासे नको, खिमा नको, चरबी नको, चिकन पावडर नको, ऑयस्टर सॉस नको, आणि अंडं चालतं की नाही. ती दाखवा. बऱ्यापैकी सुरक्षित पदार्थ म्हणजे टोमॅटो-अंडं, बटाट्याचे आंबट-तिखट काप, बटाटा-वांगी-ढोबळी मिरची एकत्र परतलेली ती तीसानश्येन. सकाळी मश्रूम आणि पालेभाजी भरलेला वाफवलेला पाव, सोबत गरम सोया दूध.

पूर्ण निर्धास्त जेवायचं असेल तर बौद्ध शाकाहारी हॉटेलं. शांघायचं गोंगदलिन १९२२ सालापासूनचं आहे, नानजिंग वेस्ट रोडवर. ताटात बदक, खेकडा दिसला तर दचकू नका, सगळं सोया आणि गव्हाच्या चिवट पिठाचं. बौद्ध पद्धतीच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, तेव्हा घरी कुणी चातुर्मास पाळणारं पाहुणं आलं तर तिथे न्यायला हरकत नाही. जैन मंडळींना मात्र कंदमुळांचं वेगळं विचारावं लागेल.

रस्ता, मेट्रो, पत्ता

गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, आणि हिरवा माणूस लागला तरी उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येतच राहतात. त्याहून भीती ई-बाइकची, आवाज शून्य, दिशा कुठलीही. गूगल मॅप्स इथे जागा सरकवून दाखवतो, अमॅप हे इथलं नकाशाचं ॲप वापरा, आता इंग्रजीतही आहे. मेट्रो ३ युआनपासून सुरू, पहिल्या ६ किलोमीटरला, मग दर १० किलोमीटरला एक युआन. प्रत्येक स्टेशनात बॅग एक्सरेला. रात्री साधारण साडेदहा-अकरानंतर भरवसा धरू नका. दीदीत बसलं की ड्रायव्हर मोबाईलचे शेवटचे चार आकडे विचारतो, तेवढे चिनीत म्हणता आले पाहिजेत.

पत्ता मोठ्याकडून छोट्याकडे: शहर, जिल्हा, रस्ता, मग लोंग म्हणजे गल्ली किंवा कॉम्प्लेक्स, हाओ म्हणजे बिल्डिंग, श्र म्हणजे खोली. "५०० लोंग, १२ हाओ, ६०३ श्र" यातला १२ हा घराचा नाही बिल्डिंगचा आकडा, इथे चुकलं की पार्सल भलत्याच दारात. बरीच पार्सलं गल्लीतल्या पिकअप दुकानात येतात, मेसेजमधे रॅकचा कोड असतो, तो बघून स्वतः शोधून मशीनवर स्कॅन करून न्यायचं.

कचरा

शांघायमधे १ जुलै २०१९ पासून वर्गीकरण सक्तीचं. चार डबे: ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. इथल्या लोकांची गमतीची खूण अशी की डुक्कर जे खाईल ते ओलं, डुक्करही खाणार नाही ते सुकं, खाऊन डुक्कर मरेल ते घातक, आणि विकून डुक्कर घेता येईल ते पुनर्वापराचं. तरी अपवाद आहेत, नारळाची करवंटी सुक्यात, वापरलेला टिश्यूही सुक्यात, चहाचा चोथा ओल्यात. डबे दिवसभर उघडे नसतात, बऱ्याच ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास, आणि बाजूला लाल पट्टीवाल्या आयी उभ्या. ओल्या कचऱ्याची पिशवी फोडून कचरा एका डब्यात आणि रिकामी पिशवी दुसऱ्यात, हे त्या स्वतः करून दाखवतात, एकदाच. दुसऱ्यांदा फक्त बघतात. दंड ५० ते २०० युआन.

थंडी आणि आजारपण

चिन्लिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या दक्षिणेला सरकारी हीटिंग नाही, शांघाय दक्षिणेत. त्यामुळे जानेवारीत बीजिंगमधे घरात टी-शर्टवर बसता येतं आणि इथे घरात जॅकेट. इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्या, एसीवर हीटिंग आहे ना ते घर घेतानाच बघा. जूनच्या मध्यापासून महिनाभर झिम्माड पाऊस आणि दमट हवा, चपला-पट्ट्यांना बुरशी येते, कोकणातल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांनी डीह्युमिडिफायर घ्यावा.

आजारी पडलात तर इथे फॅमिली डॉक्टरचं दुकान शोधू नका, साध्या तापालाही लोक हॉस्पिटलात जातात. ह्वाशान, रुईजिन अशा मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत आंतरराष्ट्रीय विभाग आहेत, इंग्रजी बोलणारे डॉक्टर मिळतात पण महाग. साध्या विभागात क्रम असा: नोंदणी करून नंबर, डॉक्टर, तपासणीचे पैसे, तपासणी, रिपोर्ट घेऊन परत त्याच डॉक्टरकडे, औषधाचे पैसे, औषध. प्रत्येक पायरीला आधी पैसे. कुणी चिनी येणारा मित्र सोबत असेल तर उत्तम. पोलीस ११०, आग ११९, ॲम्ब्युलन्स १२० (पैसे लागतात), शहराची हेल्पलाइन १२३४५, व्हिसा-परमिटच्या शंकांना १२३६७, शेवटच्या दोन्हींवर इंग्रजीत बोलता येतं. आणि हॉस्पिटलातून निघताना फापियाओ आणि रिपोर्टची प्रिंट दोन्ही घ्या, इन्शुरन्सवाले फोनमधला स्क्रीनशॉट मानत नाहीत.